नऊ मोठे की एकशे पाच?

समजा, मंगरूळपीर तालुक्यातील पाच शाळांनी आपापल्या आवारात पर्जन्यमापक बसवले आहेत. रोज सकाळी मुले पाऊस मोजतात आणि संगणकावरील फाइलमध्ये गाव, तारीख व पाऊस यांची एक ओळ, मध्ये स्वल्पविराम देऊन, लिहितात. जुलैतील एका दिवसाचे आकडे (उदाहरणादाखल, मिलिमीटरमध्ये) असे आहेत: मंगरूळपीर ३४, शेलूबाजार १२, आसेगाव ९, वनोजा १०५, धानोरा ८.

सर्वांत जास्त पावसाचे गाव वर, अशी यादी आपल्याला हवी आहे. पाच गावांची यादी कोणीही हाताने करील. पण पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या सहाशेवर ओळी असल्या तर? अशा वेळी पर्ल ही संगणकभाषा उपयोगी पडते. मजकुराच्या फाइलींतून माहिती वेचून तिचा अहवाल मांडता यावा, यासाठी लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये ती तयार केली. ती विनामूल्य मिळते.

आधी वेचणी

आज्ञावलीचे काम सरळ आहे. फाइल उघडायची, एकेक ओळ वाचायची, 'स्प्लिट' या आज्ञेने ती स्वल्पविरामापाशी तोडायची. पहिला तुकडा गाव, दुसरा तारीख, तिसरा पाऊस. तारीख हवी तीच असेल, तर गावाच्या नावापुढे त्याचा पाऊस नोंदवून ठेवायचा. अशा जोड्यांच्या साठ्याला पर्लमध्ये 'हॅश' म्हणतात.

मग क्रम

नवशिका येथे 'सॉर्ट' ही आज्ञा देऊन आकडे लावतो आणि यादी उलटी करतो. उत्तर येते: ९, ८, ३४, १२, १०५. आसेगाव पहिले आणि वनोजा शेवटचे! संगणक चुकला का? नाही. नुसते 'सॉर्ट' म्हटले की पर्ल आकड्यांकडे शब्द म्हणून पाहते. शब्दकोशात आपण पहिले अक्षर आधी पाहतो, तसेच ते पहिला अंक पाहते. १ हा ९ च्या आधी, म्हणून १०५ हेही ९ च्या आधी.

ही चूक किरकोळ नाही. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते, आणि पीकनुकसानीच्या मदतीशी त्याचा संबंध येतो. शाळेची नोंद सरकारी नसते हे खरे. पण यादीची वरची दोन नावे पाहून कोणी फाइल मिटली, तर १०५ चा आकडा नजरेतून सुटेल.

उपाय म्हणजे तुलना कशी करायची ते सांगणे. पर्लमध्ये दोन संख्यांच्या मध्ये <=> हे चिन्ह लिहितात. डावी संख्या लहान असेल तर उत्तर उणे १, समान असेल तर ०, मोठी असेल तर १. या उत्तरांवरून 'सॉर्ट' क्रम लावते. तुलनेतील दोन बाजूंची अदलाबदल केली की उतरता क्रम मिळतो: १०५, ३४, १२, ९, ८.

मराठीतले दोन खड्डे

पहिला अंकांचा. एखाद्या मुलाने फाइलमध्ये देवनागरी अंक लिहिले, तर पर्ल त्यांना संख्या मानत नाही. हिशेबात त्यांची किंमत शून्य धरते. म्हणून आधी ते इंग्रजी अंकांत बदलून घ्यावे लागतात. इशारे देण्याची सोय चालू ठेवली असेल, तर पर्ल ही गोष्ट लक्षात आणून देते.

दुसरा अक्षरांचा. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, म्हणून 'डास' आधी आणि 'डाळ' नंतर. युनिकोड या संकेतप्रणालीत मात्र ळ चा क्रमांक ल च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे साधे 'सॉर्ट' 'डाळ' आधी ठेवते. मराठी क्रम जाणणारी जोडआज्ञावली पर्लमध्ये आहे. ती मागवून घ्यावी लागते.

वर्गात करून पाहा

संगणक नसला तरी चालेल. ७, ६०, ५, ११०, २३ हे आकडे चिठ्ठ्यांवर लिहा. एका गटाला ते शब्दांप्रमाणे, दुसऱ्याला संख्यांप्रमाणे लावायला सांगा. दोन्ही गटांनी दिलेला नियम तंतोतंत पाळलेला असेल, तरी याद्या वेगळ्या येतील. मग मुलांना विचारा: यांत चूक कोणाची?