एल्मर म्हणजे कोण?

दोस्तांनो, वर्गात एखादा पोरगा बाकावर डोकं टेकवून घोरायला लागला की आपण त्याला काय म्हणतो? कुंभकर्ण! इकडचं तिकडे सांगणारा असला की तो नारद. आणि अवघड काम चिकाटीनं तडीस नेलं की ते भगीरथ प्रयत्न. खरं म्हणजे ही सगळी माणसांची नावं. पण ती बोलण्यात इतकी रुळली, की आता शब्दच होऊन बसली आहेत.

असंच एक नाव आज तुम्हांला सांगायचं आहे. ते पुराणातलं नाही. ते आहे अमेरिकेतल्या एका हौशी रेडिओवाल्याचं, एल्मर फ्रोहार्ट यांचं. मित्रमंडळी त्यांना 'बड' म्हणत. त्यांचं नाव शब्द झालं ते कुठल्या शोधामुळं नव्हे, लढाई जिंकल्यामुळंही नव्हे. ते झालं नवख्या पोरांना शिकवल्यामुळं!

पण आधी हौशी रेडिओ म्हणजे काय, ते पाहू.

आकाशवाणी बोलते आणि आपण ऐकतो. उलट बोलायची सोय नाही. हौशी रेडिओवर मात्र दोन्हीकडून बोलता येतं. घरात एक छोटं यंत्र, बाहेर झाडाला किंवा गच्चीवर ताणलेली तार, आणि सरकारचा परवाना. एवढं जमलं की घरबसल्या जपानशी, ब्राझीलशी गप्पा! अशा लोकांना जगभर 'हॅम' म्हणतात. ते यातून पैसा मिळवत नाहीत. धंद्याचे निरोप द्यायला मनाई असते. निव्वळ हौस! प्रत्येक हॅमला एक खूणनाव मिळतं. भारतातली बहुतेक खूणनावं 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात. त्यामुळं खूणनाव कानावर पडलं की माणूस कोणत्या देशातला, ते लगेच कळतं.

मधे कुठलीही तार नसताना आवाज इतक्या दूर जातो कसा? जमिनीपासून साधारण ६० किलोमीटरच्या वर आयनांबर नावाचा थर सुरू होतो. लघुलहरी तिथवर गेल्या की वळून पुन्हा जमिनीकडे येतात. भिंतीवर मारलेला चेंडू परत येतो ना, तसंच काहीसं. अशा उड्या मारत मारत त्या पृथ्वीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोचतात.

आता वळू या एल्मर यांच्याकडे. अमेरिकेतल्या हॅम मंडळींचं 'क्यूएसटी' नावाचं एक जुनं मासिक आहे. मार्च १९७१ च्या अंकात रॉड न्यूकर्क यांनी आपल्या सदरात एल्मर यांची कृतज्ञतेनं आठवण काढली. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की कितीतरी मुलं परवान्याच्या अगदी दारापर्यंत येतात आणि तिथूनच माघारी जातात. का? तर त्यांना शिकवणारा शेजारचा एल्मर दुसरीकडे राहायला जातो, आणि मग पोरांचा उत्साह मावळतो. या छंदाचे खरे आईबाप हे असे शिकवणारे लोक आहेत, पण त्यांचं कौतुक कोणी करत नाही.

वाचणाऱ्यांना ते इतकं पटलं, की लोक एकमेकांना विचारायला लागले, "तुझा एल्मर कोण?" तेव्हापासून नवख्याला हाताला धरून शिकवणारा जुना हॅम म्हणजे 'एल्मर'. आज जगभरातले हॅम हा शब्द वापरतात.

हा एल्मर करतो तरी काय? पुस्तकात सगळं छापलेलं असतंच की! असतं. पण पुस्तक वाचून कुणाला विहिरीत पोहता आलं आहे का?

तारेचंच घ्या. पुस्तक सांगतं, लहरीच्या निम्म्या लांबीची तार लाव. आता सात मेगाहर्ट्‌झची लहर किती लांब? ३०० ला ७ नं भागा. साधारण ४३ मीटर. तिच्या निम्मे साडेएकवीस मीटर. एल्मर म्हणतो, "थोडी कमी घे, वीस मीटर पुरे. आणि मधोमध तोडून दोन तुकडे कर, दहा-दहाचे. तिथूनच यंत्राकडे वायर आणायची." मग तो स्वतः शिडीवर चढतो. तार विजेच्या लाइनजवळ तर नाही ना, ते दहादा पाहतो. आभाळ गडगडायला लागलं की आधी तार यंत्रापासून सोडवायची, हे त्याच्याकडून एकदा ऐकलं की जन्मात विसरत नाही.

मग मोर्स. यात प्रत्येक अक्षरासाठी छोटे-मोठे आवाज असतात. 'डिट-डा' म्हणजे इंग्रजीतला ए, 'डा-डिट' म्हणजे एन. कागदावरचे टिंब आणि रेघा पाठ करून मोर्स येत नाही. ते गाण्यासारखं कानानं शिकावं लागतं. म्हणून एल्मर समोर बसून वाजवत राहतो. आज चुकलं, उद्या पुन्हा. आणि गंमत म्हणजे, मोर्सची कळ दाबायची प्रत्येकाची लकब वेगळी असते. जुने हॅम नाव न ऐकताही नुसत्या त्या लकबीवरून माणूस ओळखतात. आपण नाही का पावलांच्या आवाजावरून सर आले की बाई आल्या ते ओळखत!

सगळ्यांत अवघड काम शेवटी. परवाना हातात आला, यंत्र सुरू झालं, आणि आता बोलायचं! घशाला कोरड पडते. पहिल्यांदा भाषणाला उभं राहिल्यावर होतं ना, अगदी तसं. तेव्हा एल्मर शेजारी बसून म्हणतो, "आधी ऐक. घाई करू नको. समोरचा थांबला की मग बोल." ऐकायला शिकवणं हा त्याचा पहिला धडा, आणि शेवटचाही.

आपल्या देशातही ही साखळी अशीच वाढली. अमरेंद्रचंद्र गुप्तू हे भारतातले पहिले हॅम मानले जातात. त्यांना १९२१ मध्ये परवाना मिळाला. पुढे १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध पेटलं, सरकारनं सगळे परवाने रद्द केले आणि यंत्रं जमा करायला लावली. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात जेमतेम पन्नासेक हॅम होते. आता त्यांची संख्या हजारांच्या घरात आहे. पन्नासांचे हजारो झाले कसे? यंत्रं काही पिल्लं घालत नाहीत. एकानं दुसऱ्याला शिकवलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला.

असं शिकवणारं एक ठिकाण आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या रस्त्यावरच आहे, बरं का! नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरून जातो. पाटणबोरी मागं टाकली की पैनगंगा, आणि पलीकडे तेलंगण. त्याच रस्त्यानं पुढं हैदराबादला गेलं की 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ' ही संस्था लागते. १९८३ मध्ये एस. सुरी यांनी ती स्थापन केली. त्यांचं खूणनाव व्हीयू-२-एमवाय. एक एल्मर दोन-चार पोरांना शिकवील. सुरी यांनी शिकवण्यासाठी अख्खी संस्थाच उभी केली!

त्याचा उपयोग काय झाला, ते २००४ साली दिसलं. भारती प्रसाद या त्या वेळी याच संस्थेच्या चमूसह अंदमानात होत्या. अंदमानातून हौशी रेडिओवर बोलायला सुमारे सतरा वर्षांनी परवानगी मिळाली होती. त्यामुळं जगभरचे हॅम त्यांच्याशी बोलायला टपलेले. डिसेंबरभर पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलातून हजारो लोकांशी बोलणं झालं. आणि २६ डिसेंबरच्या सकाळी जमीन हादरली. पाठोपाठ त्सुनामीच्या लाटा आल्या. टेलिफोन बंद, वीज बंद. भारतीताई मुख्य भूमीकडे परत पळाल्या नाहीत. त्यांनी यंत्र पुन्हा उभं केलं. बेटांवरची माणसं जिवंत आहेत का, हे विचारणारे निरोप दिवसरात्र तिथून जात-येत राहिले. त्यांचे सहकारी एक केंद्र घेऊन कार निकोबारलाही गेले. कालपर्यंत जी गंमत होती, ती एका सकाळीत हजारोंचा आधार झाली.

आपल्या महाराष्ट्रातही असंच घडलं होतं. ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र संपत आली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. त्या उद्‌ध्वस्त गावांमधून बाहेर निरोप पोचवायला हॅम मंडळी आपापली यंत्रं घेऊन धावली होती.

आता तुमच्यातला एखादा म्हणेल, "मोबाइल असताना हे झेंगट काऊन पाहिजे जी?" प्रश्न बरोबर आहे. पण मोबाइल चालतो टॉवरवर, आणि टॉवरला लागते वीज. पूर आपल्याला नवा नाही. जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्यानं वेढा घातला आणि माणसं अडकून पडली होती, ते आठवत असेल. टॉवर बंद पडला तरी हॅमचं यंत्र मोटारीच्या बॅटरीवर चालतं. मात्र पूर आल्यावर शिकायला बसून काय उपयोग? तेव्हा यंत्रासमोर बसणाऱ्याला कुणीतरी आधी, शांत दिवसांत, कसलीही घाई नसताना शिकवलेलं असावं लागतं. एल्मरचं काम दिसत नाही ते यामुळंच. ते होतं आज आणि उपयोगी पडतं दहा-वीस वर्षांनी.

एखादा हॅम वारला की बाकीचे म्हणतात, 'सायलेंट की'. म्हणजे मुकी झालेली कळ. त्याचीच दोन अक्षरं 'एसके'. मोर्समध्ये ही दोन अक्षरं जोडून वाजवली, डिट-डिट-डिट-डा-डिट-डा, की त्याचा अर्थ होतो 'संभाषण संपलं'. माणूस गेला, त्याची कळ मुकी झाली. पण त्यानं शिकवलेल्या पोरांच्या कळा चालूच राहतात. खोटं वाटत असेल तर पाहा, एल्मर फ्रोहार्ट यांचं नाव आज यवतमाळ जिल्ह्यातली मुलं वाचत आहेत!

तुम्हांला हॅम व्हायचं आहे का? बारा वर्षं पूर्ण झाली की केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देता येते. त्यात रेडिओचं थोडं शास्त्र आणि नियम विचारतात. प्राथमिक श्रेणीच्या परवान्याला मोर्स लागत नाही. परवान्याशिवाय प्रक्षेपण मात्र मुळीच करायचं नाही, तो गुन्हा आहे. तोवर विज्ञानाच्या सरांना, बाईंना गाठा. एखादा मित्र जोडीला घ्या आणि पेन्सिलीनं बाकावर मोर्स वाजवून एकमेकांना ओळखायला लावा.

आणि एक सांगतो. एल्मर व्हायला रेडिओच लागतो असं नाही. तुम्हांला सायकलचं पंक्चर काढता येतं? लंगडीतली चाल येते? भागाकार जमतो? मग खालच्या वर्गातलं एखादं पोरगं तुमच्याकडे पाहत उभं असेल. त्याला "जा रे तिकडं" म्हणू नका. जवळ बसवा, दाखवा. चुकलं तर पुन्हा दाखवा.

हॅम मंडळी निरोप घेताना '७३' म्हणतात, म्हणजे मनापासून शुभेच्छा. तर मग, त्र्याहत्तर!