डब्याच्या आत कोण होतं?

फर्दापूरच्या टी-पॉइंटवर माझ्या मामांना श्रोते आयते मिळतात. अजिंठ्याला येणाऱ्यांनी खासगी गाड्या इथे लावायच्या आणि पुढचे चारेक किलोमीटर एसटीने जायचं, असा नियम आहे. बस भरेपर्यंत माणसं रिकामी बसलेली असतात. मामा त्यांना एका रोबोटाची जीवनकहाणी सांगतात. हा रोबोट याच पंचक्रोशीतला. गरिबीतून वर आला, पहिल्याच प्रयोगात टाळ्या घेतल्या, यश डोक्यात गेलं, मग सरकीच्या तेलाचं व्यसन लागलं आणि शेवटी रंगभूमीने त्याला विचारलं नाही. हे सगळं सांगताना मामांच्या चेहऱ्यावरची एक सुरकुती हलत नाही. पुण्याच्या एका बाईंनी हळहळून विचारलं होतं, "अहो, मग आता कुठे असतात ते?"

मामांनी कधी ऐकलं नसेल, पण हाच प्रकार २००१ साली जॉर्ज लुकासच्या मंडळींनी केला. 'स्टार वॉर्स'मधल्या आर टू-डी टू या बुटक्या रोबोटावर त्यांनी एक लुटुपुटीचा माहितीपट काढला, 'बिनीथ द डोम' नावाचा. त्यात लुकास, स्पीलबर्ग, कपोला अशी बडी माणसं त्या घुमटाकार डोक्याच्या डब्याविषयी गंभीर तोंडाने बोलतात, एखाद्या दिवंगत नटसम्राटाबद्दल बोलावं तशी. सगळी गंमत त्या न हसण्यात आहे.

मामांच्या कथेतला रोबोट म्हणजे मी. इयत्ता सहावी, शाळेचं गॅदरिंग. तेव्हा या विषयावर बोलायचा थोडा अधिकार मला आहे, असं समजून काही गोष्टी निस्तरतो.

गैरसमज : रोबोट कारखान्यात जन्मला आणि नंतर सिनेमा-नाटकात शिरला.

उलट आहे. रोबोट जन्मला तोच नाटकात. कारेल चापेक या चेक लेखकाने १९२० साली 'आर. यू. आर.' हे नाटक लिहिलं, पुढच्या वर्षी ते प्रागच्या रंगमंचावर आलं, आणि हा शब्द जगाला मिळाला. शब्द सुचवला त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी. त्या नाटकातले रोबोट पत्र्याचेही नव्हते, माणसासारखे दिसणारेच होते. कारखान्यांत खरे रोबोट आले ते त्यानंतर चाळीसेक वर्षांनी. म्हणजे आधी भूमिका मिळाली, देह नंतर.

गैरसमज : पडद्यावर दिसतो तो रोबोट यंत्र असतो, त्याला बटण दाबून चालवतात.

बटण दाबून बघितलं होतं. १९७६ साली ट्युनिशियाच्या वाळवंटात 'स्टार वॉर्स'चं चित्रीकरण सुरू झालं, तेव्हा आर टू-डी टूची रिमोटवर चालणारी, तीन पायांची आवृत्ती होती. ती मनाला येईल तिकडे जायची, नाहीतर जागची हलायचीच नाही. डुलत डुलत चालणारा दोन पायांचा आर टू मात्र ठरल्याप्रमाणे काम करायचा, कारण त्याच्या आत केनी बेकर नावाचा इंग्रज कलावंत होता. उंची तीन फूट आठ इंच. त्याचा सोनेरी जोडीदार सी-थ्रीपीओ म्हणजे अँथनी डॅनियल्स. पूर्ण पोशाख घालून पहिल्याच दिवशी चालायला लागला तर पायाचा एक तुकडा फुटून त्याच्याच पावलात घुसला.

हे वाचलं तेव्हा मला गहिवरून आलं. माझं धड टीव्हीच्या खोक्याचं होतं, वर चहाच्या पेटीतला चंदेरी कागद डकवलेला. डोकं म्हणजे तेलाचा पंधरा किलोचा चौकोनी डबा, बूड कापलेला. डोळ्यांसाठी आमच्या सरांनी बाहेरून खिळा ठोकून दोन भोकं पाडली. खिळा बाहेरून ठोकला की पत्र्याचे दाते आत येतात, हे त्या घाईत कोणाच्या लक्षात आलं नाही. पापण्यांच्या पुढे दोन करवती ठेवून मी अर्धा तास उभा होतो. जानेवारीची थंडी, पण डब्याच्या आत हॅलोजनमुळे भट्टी, आणि तो सरकीच्या तेलाचा वास. आजही वडे तळायला घेतले की मला संवाद आठवतात.

संवाद माझे नव्हतेच म्हणा.

गैरसमज : रोबोटाचं काम करणाऱ्याला आवाज बदलून बोलावं लागतं.

तो बिचारा बोलत नाही, दुसराच कोणीतरी बोलतो. आर टूची शिट्टी आणि कुरकुर बेन बर्ट या ध्वनिकाराने सिंथेसायझर आणि स्वतःच्या तोंडाने काढलेले बाळबोबडे आवाज मिसळून बनवली. माझा आवाज म्हणजे विंगेतले सर, हातात माइक. "मालक, हुकूम करा," असं ते खर्जात म्हणायचे आणि मी उजवा हात वर करायचा.

बरोबर त्याच वाक्याला लाइट गेली. सर 'हुकू'वर थांबले. मला वाटलं आपला हात चुकला, म्हणून एक पाऊल पुढे टाकलं, मग आणखी एक. स्टेज म्हणजे दोन ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडलेल्या. तिसऱ्या पावलाला ट्रॉली संपली. मी बायकांच्या बैठकीत पडलो आणि डब्यातून "आई गं!" असा नैसर्गिक आवाज आला. लाइट आली तेव्हा टाळ्या चालू होत्या. पुढे कित्येक वर्षं लोक मला सांगायचे, तो रोबोट पडून माणसासारखा रडतो तो प्रवेश फार छान बसवला होता. मामांच्या कथेतला टाळ्यांचा भाग तेवढा खरा आहे.

गैरसमज : मराठीत असं, म्हणजे निर्जीव नट, कोणी झालंच नाही.

झालं की. दादासाहेब फाळक्यांनी १९१५च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट केला, त्यात आगपेटीतल्या काड्यांना कामाला लावलं. एक चौकट टिपायची, काडी किंचित सरकवायची, पुन्हा टिपायची. काड्यांनी मानधन मागितलं नाही आणि नखरेही केले नाहीत. भारतीय सिनेमातले हे पहिल्या फळीतले निर्जीव नट.

पण कारकीर्द म्हणावी अशी कारकीर्द एकाचीच : तात्या विंचू. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'त, १९९३ साली, तो बाहुला आला आणि लक्ष्मीकांत बेर्डेसमोर उभा राहून भाव खाऊन गेला. हिंदीत 'खिलौना बना खलनायक' या नावाने गेला. वीस वर्षांनी, २०१३ साली, 'झपाटलेला २'मध्ये थ्रीडीत परतला. पुनरागमनाला वीस वर्षं लागली तरी चेहऱ्यावर वय दिसलं नाही, हा एक फायदा. आमच्या गल्लीत व्हीसीआर भाड्याने आणून पहिला 'झपाटलेला' दाखवला, त्यानंतर माझ्या मावसबहिणीची बाहुली महिनाभर कणगीत बंद होती.

लहानपणी आमची पैज लागायची की तात्याच्या पोटात मोटर आहे. बाहुला घडवला आणि नाचवला तो शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी. त्यांचे वडील यशवंत पाध्ये अर्धवटराव या बोलक्या बाहुल्याला घेऊन कार्यक्रम करायचे, तेव्हा घरचीच विद्या. आवाज दिलीप प्रभावळकरांचा, ज्यांनी बाहुल्यात शिरण्याआधीचा, जिवंतपणीचा तात्याही रंगवला. म्हणजे एक बाहुला आणि मागे दोन दिग्गज. आणि फर्दापूरच्या कुठल्याही पोराला विचारा, नाव सांगेल तात्याचं.

मला इथे थोडी तक्रार नोंदवायची आहे. 'फॉरबिडन प्लॅनेट' हा १९५६ चा हॉलिवूडपट. त्याच्या श्रेयनामावलीत 'प्रथमच सादर करीत आहोत' अशा थाटात रॉबी या रोबोटाचं नाव आहे. आत घामाघूम झालेल्या फ्रँकी डॅरोचं नाही. आवाज मार्व्हिन मिलरचा. पुढे रॉबीला इतकी कामं मिळाली की 'कोलंबो' या गाजलेल्या मालिकेतही तो झळकला. २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात तो ५३ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला. पोशाखाला एवढी किंमत, आतल्या माणसाचं पाटीवर नाव नाही. तुलनेने रजनीकांतचं बरं. 'एंदिरन'मध्ये, हिंदीत 'रोबोट', २०१० साली चिट्टी झाला तो चेहरा उघडा ठेवून. शिवाय जन्माने शिवाजीराव गायकवाड, म्हणजे देशातला सगळ्यात नामवंत रोबोट मराठी घरातला निघाला. बंगळूरला बसमध्ये कंडक्टर होता. टी-पॉइंटच्या एसटी कंडक्टरांना मामा ही गोष्ट मुद्दाम ऐकवतात.

गैरसमज : नकली आहे हे कळलं की लोक बघायचे थांबतात.

याचं उत्तर फर्दापुरातच आहे. इथल्या अभ्यागत केंद्रात अजिंठ्याच्या १, २, १६ आणि १७ क्रमांकाच्या लेण्यांच्या प्रतिकृती उभारल्या. खरा पद्मपाणी, म्हणजे लेण्यातला तो चितारलेला बोधिसत्त्व, डोंगरात, त्याचा डबल रोल करणारा रस्त्याकाठी. सुरुवातीला मीही नाक मुरडलं होतं. आत गेलो तर एक म्हातारं जोडपं त्या प्रतिकृतीतल्या पद्मपाणीपुढे चपला काढून उभं होतं. नकली आहे हे त्यांना ठाऊक होतं, दारावरच लिहिलं होतं. आजींना गुडघ्यांमुळे खऱ्या लेण्यांच्या पायऱ्या चढवणार नव्हत्या. "हेच आपलं," एवढंच त्या म्हणाल्या.

राहिला प्रश्न पुण्याच्या बाईंचा : तो रोबोट आता कुठे असतो?

खोकं त्या पावसाळ्यात विरघळलं. चंदेरी कागद बहिणीने संक्रांतीच्या हलव्याच्या दागिन्यांना वापरला. डबा आजीने परसात आडवा टाकला, तर एका कोंबडीने त्यात बस्तान बसवलं. डोळ्यांच्या भोकांतून हवा यायची. दात्यांनी तिला टोचू नये म्हणून आजीने दगडाने ते ठोकून सपाट केले.

ते माझ्या वेळी कोणाला सुचलं नाही.