लागलं, ते सांगितलं का नाही?

नर्सरीतून घरी आलेल्या तीन वर्षांच्या मुलाच्या कपाळावर टेंगूळ दिसलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'लेकरं पडतातच.' खरं आहे. पडतात, ढकलतात, एकमेकांना चावतात. लागलं म्हणून कुणी शाळेवर धावून जाऊ नये. पण लागलेलं घरी कळवलंच नाही, तर मात्र गप्प बसू नये.

कारण त्यात वेळ जातो. डोक्याला मार लागल्यावर पहिले चोवीस तास मुलावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. वारंवार उलट्या, गुंगी, झटके, चालताना तोल जाणं, नाकाकानातून पाणी किंवा रक्त येणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा. पण मूल सकाळी पडलंय हेच आईला माहीत नसेल, तर ती 'आज दमलाय' म्हणून त्याला लवकर झोपवते. आपल्या बीड जिल्ह्यात मोठा दवाखाना म्हणजे बीडचं जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय. आष्टीची माणसं तर नगरकडेच धावतात. जिथे रस्त्यातच इतका वेळ जातो, तिथे बाईंनी न केलेला एक फोन फार महागात पडतो.

म्हणून आधी उपचार, भांडण नंतर. डॉक्टरांना 'पडला असेल' असं आपल्या मनाचं सांगू नका. 'शाळेतून आल्यावर दिसलं, कसं लागलं ते कुणी सांगितलं नाही' असं सांगा आणि केसपेपरवर तसंच लिहून घ्या. शंका असेल तर सरकारी रुग्णालयात एमएलसीची, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची, नोंद करायला सांगा. जखम कुठे आहे हेही बघा. धावती मुलं गुडघ्यावर, नडगीवर, कपाळावर आपटतात. कान, मान, पोट, पाठ इथले वळ साध्या पडण्याने सहसा उठत नाहीत. त्याच दिवशी फोटो काढा, कारण वळ दोन दिवसांत रंग बदलतात. मुलाला विचाराल ते मोकळं विचारा, 'काय झालं रे तिथं?' 'बाईंनी मारलं का?' असं विचारलं तर एवढंसं लेकरू तुमचा चेहरा बघून मान हलवतं, आणि मग खरं काय ते कायमचं गढूळ होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाताना हातात अर्ज हवा. किती वाजता लागलं, तेव्हा कोण हजर होतं, काय उपचार केले, घरी का कळवलं नाही, हे लेखी मागा आणि अर्जाची पोच घ्या. सीसीटीव्ही असेल तर त्या दिवसाचं फुटेज जपून ठेवावं, असं त्याच अर्जात लिहा. बहुतेक यंत्रांत जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

तालुक्याच्या गावात हे अवघड जातं. संस्थाचालक ओळखीचे, बाई गल्लीतल्याच, आणि 'जाऊ द्या, वाढवू नका' म्हणणारे पाहुणे दारात. तरीही अर्ज द्याच. अंगणवाडी असेल तर मुख्यसेविका आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे जा, खासगी नर्सरी असेल तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. खासगी नर्सरीवर कायद्याची पकड ढिली आहे. शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांचा, त्यामुळे शारीरिक शिक्षेवरची त्यातली बंदी या लेकरांपर्यंत पोचत नाही. सर्वांत लहान, नीट बोलताही न येणारी मुलं सर्वांत कमी संरक्षणात असावीत, हे मला अजिबात मान्य नाही.

मारहाण किंवा जाणूनबुजून हेळसांड झाली असेल, तर बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 75 आहे. मुलं सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसानेच हे केलं तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. लैंगिक अत्याचाराचा संशय आला, तर पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने ते दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद.

बदलापुरात ऑगस्ट 2024 मध्ये हेच पुढे आलं. चार वर्षांच्या दोन मुलींवर शाळेतल्या सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केल्याचा आरोप होता. पालकांनी मुलींची डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली, पोलिस ठाण्यात तासन्‌तास ताटकळले. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. दोनच दिवसांत मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि शाळेने पोलिसांना का कळवलं नाही, यावरही बोट ठेवलं. पुढे संस्थाचालकांवरही पोक्सोखाली गुन्हा नोंदवला गेला. पोलिस ठाण्यात तक्रार घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे ती लेखी स्वरूपात पोलिस अधीक्षकांना पाठवता येते. जिल्ह्याची बाल कल्याण समिती आहे, आणि 1098 हा क्रमांक रात्रीही लागतो.

अंगणवाडी सेविकांची बाजूही ऐकली पाहिजे. पोषण आहार, रजिस्टरं, मोबाइलवरच्या नोंदी आणि खोलीभर मुलं, हे सगळं एक सेविका आणि एक मदतनीस ओढतात. सांगितलं तर मानधन जाईल, ही भीतीच पुष्कळदा लपवायला लावते. जी बाई स्वतः फोन करून 'माझ्यासमोर पडला' म्हणते, तिच्यावर ओरडू नका. उद्याही तिने फोन करावा, ही आपलीच गरज आहे.

बीडमध्ये आणखी एक अडचण आहे. दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला जातात आणि लहानगं आजीजवळ राहतं. अंगणवाडीने कळवायचं कुणाला? आजीकडे फोन नसतो, आईबाप फडात. कोयता घेऊन निघण्याआधी अंगणवाडीच्या वहीत गावातल्या दोन माणसांची नावं आणि नंबर लिहून ठेवा, आणि मुलाला काही लागलं तर त्याच दिवशी कळवायचं, असं सेविकेसमोर आजीलाही सांगा.