आंबोलीत दोन दिवस पायी: एवढा पाऊस जातो कुठे?

गेल्या जूनमध्ये दोन दिवस लॅपटॉप उघडायचा नाही असं ठरवून मी मालवणला घरी गेले. थिसिसचं चौथं प्रकरण तिसऱ्यांदा परत आलं होतं, त्यामुळे निर्णय फारसा कठीण नव्हता. आई म्हणाली, "चल, आंबोलीक जावया. गाडी नको, चलतच फिरया."

सावंतवाडीहून एसटीने साधारण तीस किलोमीटर. तेवढ्यात आपण समुद्रसपाटीजवळून सुमारे ६९० मीटर उंचीवर पोचतो. स्टँडवर उतरलो तेव्हा दहा पावलांवरचं दुकान दिसत नव्हतं. भजी, चहा, आणि चालायला सुरुवात. महादेवगड पॉइंटच्या वाटेवर आईने विचारलं, "हंयसर इतको पाऊस कित्याक पडता? आमच्या मालवणात काय ढग येणत नाय? तू पाण्याचोच अभ्यास करतंस मा? मग सांग."

झाली सुट्टी! पण प्रश्न चांगला होता, आणि त्यामागे आणखी एक प्रश्न होता. त्याच्याकडे शेवटी येते.

ढगात उभं राहणं

अरबी समुद्रावरून येणारा मोसमी वारा बाष्पाने भरलेला असतो. मालवणच्या सपाट किनाऱ्यावर त्याला अडवणारं फारसं काही नाही. पुढे सह्याद्रीची भिंत आली की वाऱ्याला वर चढावंच लागतं. वर हवेचा दाब कमी, म्हणून हवा प्रसरण पावते आणि थंड होते. थंड हवेत बाष्प कमी मावतं. उरलेल्या बाष्पाचे थेंब होतात.

पावसाळ्यातली हवा आधीच इतकी दमट असते की ढग बनायला तिला फार उंच जावं लागत नाही. आंबोलीत आपण ज्याला धुकं म्हणतो तो बहुतेक वेळा ढगच असतो, आणि आपण त्याच्या आत उभे असतो. इथे वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मालवणात याच्या निम्माही नाही. घाट ओलांडून आजरा, गडहिंग्लजकडे गेलं की तो झपाट्याने कमी होतो, कारण खाली उतरणारी हवा तापते आणि ढग विरतात. यालाच भूगोलाच्या पुस्तकात आपण पर्जन्यछाया म्हणून पाठ केलं होतं.

दोन समुद्र

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरण्यकेशीला चालत गेलो. देवळाजवळच्या कपारीतून पाणी बाहेर येतं आणि तिथून हिरण्यकेशी नदी पूर्वेकडे निघते. ती घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. सावंतवाडीच्या बाजूला घाटातल्या मोठ्या धबधब्याचं पाणी मात्र खाली कोकणात उतरतं आणि अरबी समुद्रात जातं. दोन्ही ठिकाणं आम्ही एका दिवसात पायी बघितली. थेंब इकडे पडला की तिकडे, यावर त्याचा समुद्र ठरतो!

याच हिरण्यकेशीच्या पाण्यात सापडलेल्या एका छोट्या माशाचं 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या नावाने २०२० मध्ये पहिल्यांदा शास्त्रीय वर्णन झालं. २०२१ मध्ये राज्य सरकारने ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. देवाचं कुंड म्हणून लोकांनी जे राखलं, त्यात विज्ञानाला अनोळखी असलेला मासा पोहत होता.

डबकं

परतताना सड्यावरून आलो. सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. हजारो-लाखो वर्षांच्या पावसाने खडकातली विरघळणारी द्रव्यं वाहून नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, तो हा तांबडा, भोकाभोकांचा दगड. आपल्या घरांचे चिरे याचेच.

बूट चिखलाने भरले होते. कातळातल्या एका उथळ डबक्यात मी पाय घालणार, तेवढ्यात आईने हात धरला. पाण्यात बेडकाची बारीक काळी पिल्लं वळवळत होती. मी पाण्यावर पीएच.डी. करते आणि मला ते आधी दिसलं नव्हतं.

अशाच डबक्यांमध्ये 'झॅन्थोफ्रायनी टायग्रिना', म्हणजे आंबोली टोड, अंडी घालतो. कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे, म्हणून हे नाव. २००९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. आंबोली आणि आसपासचा छोटासा परिसर एवढंच त्याचं जग, आणि तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पावसाळा सुरू होताच तो बाहेर पडतो. पिल्लांना डबकं आटायच्या आत मोठं व्हायचं असतं. पाऊस चार दिवस थांबला, किंवा डबक्यातून गाडीचं चाक गेलं, तर त्या डबक्यातली पिढी संपली. रात्री रस्त्यावर चिरडले जाणारे बेडूक वेगळेच. तेव्हा आंबोलीत जूनमध्ये गाडी हळू चालवा, सड्यावर अजिबात नेऊ नका, आणि डबकं ओलांडून जा.

आणि आमची विहीर

आता तो दुसरा प्रश्न. आमचं घर सड्याच्या कडेला आहे. एप्रिल संपता संपता विहीर तळ गाठते आणि आई, वय ५८, खालच्या वाडीतून कळशीने पाणी आणते. घरात बोअर मारायची चर्चा चालू होती. एवढ्या पावसाच्या मुलखात पाणी का नाही?

कारण जांभा पाणी पितो, पण धरून ठेवत नाही. पाणी भोकांमधून आणि भेगांमधून झरझर खाली जातं, खालच्या चिकण मातीच्या थरावर अडतं आणि आडवं सरकत उताराच्या पायथ्याशी झरा होऊन निघून जातं. म्हणून वाडीतल्या विहिरीला मेमध्येही पाणी असतं आणि आमची कोरडी. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी विहिरीत सोडलं तरी ते मेपर्यंत थांबणार नाही.

एसटीत बसून तिकिटाच्या मागे हिशोब केला. छप्पर ६० चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ६० लिटर. पिण्या-स्वयंपाकाला आणि वरकामाला दिवसाला १०० लिटर धरले, तर दोन महिन्यांना ६,००० लिटर. त्यासाठी छपरावर फक्त १०० मिलिमीटर पाऊस पडायला हवा. म्हणजे जूनमधला एक जोरदार दिवस! पहिल्या पावसाने छप्पर धुऊन जाऊ द्यायचं, मग पाणी गाळून बंद टाकीत घ्यायचं.

आई खिडकीतून घाट बघत होती. म्हणाली, "म्हणजे आमचा पाणी आमच्याच छपरार पडता, नि आमी कळशी घेवन खाली जातो."

चार वर्षांत मला माझा विषय एवढ्या थोडक्यात मांडता आलेला नाही. बोअरचं तूर्त थांबलंय. टाकीचा चौथरा दिवाळीत बांधून झाला, आणि चौथं प्रकरण चौथ्यांदा पाठवलंय.