बहात्तरांतले सतरा

अब्बांच्या मागे वाटणी निघाली की ‘अपूर्णांकांचा हिशेब जमत नाही’ म्हणून बहिणीचा हिस्सा राहून जातो. आम्हाला ही सबब पटत नाही. शाळेतला लसावि येणाऱ्यालाही फराइजचा हा हिशेब जमतो.

मरहूमच्या मागे आई, पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. कफन-दफन, कर्ज (न दिलेला मेहरही कर्जच) आणि वसीयत भागवून उरलेल्यात पत्नीचा आठवा हिस्सा, आईचा सहावा. ८ आणि ६ यांचा लसावि २४. पत्नीला ३, आईला ४, उरले १७. मुलाला मुलीच्या दुप्पट, म्हणून तीन वाटे हवेत. पण १७ मूळ संख्या, तिला ३ ने भाग जात नाही. तेव्हा २४ ला ३ ने गुणा. आता ७२ पैकी पत्नीचे ९, आईचे १२, मुलाचे ३४, मुलीचे १७. घर विकायचे नसेल, तर त्या सतरा भागांची किंमत भावाने तिच्या हातात द्यावी.