शोध आणि शिकार : शब्दांच्या सोबतीचा विचार

शब्दाचा अर्थ कोशात मिळतो. तो शब्द कोणाच्या सोबतीने वावरतो हे मात्र कोश क्वचितच सांगतो. याचा प्रत्यय चेन्नईतील एका भाषांतरवर्गात आला. फरारी आरोपीविषयीच्या तमिळ बातम्यांत ‘तेडुदल् वेट्टै’ हा प्रयोग नित्य आढळतो. ‘तेडुदल्’ म्हणजे शोधणे आणि ‘वेट्टै’ म्हणजे शिकार. एका मराठीभाषी विद्यार्थ्याने लिहिले, ‘पोलिसांनी शोधाची शिकार केली.’ दोन्ही शब्द बरोबर, परंतु वाक्यात बळी गेला तो शोधाचाच!

तमिळ आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत शिकारीची कल्पना शोधाकडे सहज सरकते. इंग्रजीत नोकरीसाठी ‘जॉब-हंट’ आणि घरासाठी ‘हाउस-हंटिंग’. तमिळमध्ये मते मागत फिरणे ही ‘वाक्कु वेट्टै’, तर पैसे उकळणे ही ‘वसूल् वेट्टै’. मराठीत ‘शिकार’ म्हटले की सावजाचा अंत डोळ्यांपुढे येतो. म्हणून ‘नोकरीची शिकार’ कानाला खटकते. परंतु मराठीने शिकाऱ्याची वाट सोडलेली नाही. माग काढणे, मागावर असणे, मागोवा घेणे हे प्रयोग पावलांच्या खुणांवरूनच आले. तमिळ आणि इंग्रजीने शिकारीचे नावच उचलले; मराठीने तिच्याआधीचा माग पसंत केला.

क्रियापदाची सोबतही तितकीच निर्णायक असते. शोध ‘घेतला’ तर प्रयत्न, ‘लागला’ तर प्राप्ती, ‘लावला’ तर नवे ज्ञान. इंग्रजीत हे काम पुष्कळदा एक अव्यय करते : ‘सर्च द हाउस’ म्हणजे घराची झडती घेणे, ‘सर्च फॉर अ हाउस’ म्हणजे घर शोधणे.

अशा सहप्रयोगांना भाषाविज्ञानात स्थान मिळवून दिले ते जे. आर. फर्थ यांनी, १९५१ साली. तंजावरचे मराठी राज्य १८५५ मध्ये संपले, तरी तमिळ प्रदेशात मराठी घरे आजही आहेत. वर्गातील त्या विद्यार्थ्याचे घरही त्यांपैकीच. त्याला शब्द घरात मिळाले, त्यांची सोबत मात्र रस्त्यावरच्या भाषेतून आली. त्याची चूक आळसाची नव्हे. अशा वाचकासाठी कोशात ‘शोध’ या नोंदीखाली नुसते प्रतिशब्द पुरणार नाहीत. घेणे, लावणे, लागणे ही तिन्ही क्रियापदे उदाहरणांसह द्यावी लागतील. परप्रांतात भाषा प्रथम हरवते ती शब्दांत नव्हे, शब्दांच्या सोबतीत.