बिनपगारी मे महिना

आमच्याकडे हायस्कूलचं वर्ष जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतं आणि ते पार पाडायला शाळेची माणसं पुरत नाहीत. आमच्याकडे म्हणजे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पूर्वेला, एका सरकारी शाळेत. मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या परीक्षा, त्यातच शिक्षकांचे आभार मानायचा आठवडा, मग प्रॉम, इयरबुकचं वाटप, पुस्तकं परत घेणं, गाऊन आणि टोप्या वाटणं, आणि शेवटी बारावीचं ग्रॅज्युएशन. यातली बरीचशी हमाली पालक करतात. फुकट. ऑनलाइन तक्ता येतो, त्यातल्या रकान्यात आपलं नाव टाकायचं. बर्फाच्या पिशव्या, दोन जण. टेबलं मांडणे, चार जण. केक आणायचा रकाना तासाभरात भरतो. पहाटेच्या झाडलोटीचा शेवटपर्यंत रिकामा असतो.

मी सांगलीची. आमच्या वेळी पालकांनी शाळेत यायचं ते एक तर प्रवेशाच्या वेळी, नाहीतर 'उद्या वडलांना घेऊन ये' असं फर्मान सुटल्यावर. आता तिकडेही २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. कागदावर तरी दिल्या आहेत. इथे मात्र हा कारभार सव्वाशे वर्षांहून जुना आहे. फेब्रुवारी १८९७ मध्ये ॲलिस बर्नी आणि फीबी हर्स्ट या दोघींनी वॉशिंग्टनमध्ये मातांची राष्ट्रीय परिषद भरवली, तीच पुढे पीटीए, म्हणजे पालक-शिक्षक संघ झाली. तेव्हा मोजकी राज्यं सोडली तर अमेरिकन बायकांना मताचा अधिकार नव्हता; तो देशभर मिळायला १९२० उजाडलं. दक्षिणेत काळ्यांच्या शाळा वेगळ्या, म्हणून त्यांचे पालकही या संघाबाहेर. त्यांच्यासाठी सेलीना बटलर या अटलांटाच्या शिक्षिकेने १९२६ मध्ये वेगळी राष्ट्रीय संघटना उभी केली. दोन्ही एक झाल्या थेट १९७० मध्ये. ज्यांना निवडणुकीत कुणी विचारत नव्हतं त्यांनी शाळेच्या दारातून आत शिरून आपलं म्हणणं मांडायला सुरुवात केली, असा हा इतिहास आहे. मला तो उगीच जवळचा वाटत नाही.

मी इथे आले ती एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या शेपटाला बांधून. इंजिनिअरिंगची पदवी होती, पण नोकरी करायची परवानगी नव्हती. आमच्यातल्या काही जणींना ती मे २०१५ पासून मिळू लागली, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यावर पोचलं असेल तर. फुकट काम करायला मात्र मुभा होती. त्या काळात इथल्या प्राथमिक शाळांच्या झेरॉक्सच्या खोलीत जाऊन पाहिलं असतं तर पुण्या-कोल्हापूरच्या बी.ई., एम.एस्सी. झालेल्या बायका पहिलीच्या मुलांसाठी पुठ्ठ्याची पानं कापताना दिसल्या असत्या. मीही त्यातलीच. चिडचिड व्हायची. पण काही डॉलर भरून पीटीएचं सदस्य झालं की सभेत मत देता येतं आणि तिथे पासपोर्ट कुणी विचारत नाही, हे लक्षात आल्यावर मी सभांना जायला लागले.

सभा रॉबर्ट नावाच्या एका लष्करी इंजिनिअरने १८७६ साली लिहिलेल्या नियमांनी चालते. कुणीतरी ठराव मांडायचा, कुणीतरी अनुमोदन द्यायचं, चर्चा, मग मत. बाकीच्या नव्या आया गांगरायच्या, मी निवांत. माझे वडील पतसंस्थेचे संचालक होते. सूचक, अनुमोदक आणि मागच्या रांगेतून 'मंजूर, मंजूर' हे मी फ्रॉकमध्ये असल्यापासून ऐकलंय. फरक इतकाच की इथे मागच्या रांगेतून कुणी ओरडत नाही, आणि सभेनंतर जेवण नसतं.

पैशांचं थोडं सांगायला हवं. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर करून घरपट्टी घराच्या नोंदलेल्या किमतीच्या एक टक्क्यावर आणली आणि ती किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही असं बांधून टाकलं. शाळांचा मोठा आधार ही घरपट्टीच होती. तेव्हापासून सरकारी शाळा पालकांकडे जास्तच बघू लागल्या. शिक्षणासाठी फी घ्यायला कायद्याने मनाई, म्हणून 'ऐच्छिक देणगी'. मग होतं असं, की जिथे आईबाप मोठ्या कंपन्यांत आहेत तिथे देणगीइतकीच रक्कम कंपनीही घालते, आणि पाच मैलांवरच्या शाळेत कागदाच्या रिमांची मारामार. वेळेचंही तेच. सकाळी अकराला शाळेत येऊन टेबलं मांडायची तर नोकरीही तशी हवी. आमच्या तक्त्यात तीच तीच नावं का दिसतात याचं उत्तर हौसेत नाही, पगारपत्रकात आहे.

आभाराच्या आठवड्यात पालक शिक्षकांना जेवण देतात, त्याचं फार सांगत नाही. एवढंच, की प्रत्येक पदार्थापुढे घटकांची चिठ्ठी लावावी लागते आणि शेंगदाणे सक्त मना असतात. आमच्या एका मैत्रिणीने जिद्दीने दाण्याच्या कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी करून आणली. गणिताचे सर दोनदा वाढून घेत होते. मला बघवलं नाही म्हणून मी सरबताच्या टेबलाकडे गेले.

खरी कसोटी असते ग्रॅड नाइटची. ग्रॅज्युएशन झालं की त्याच रात्री बारावीच्या मुलांना शाळेच्या जिममध्ये पहाटेपर्यंत ठेवायचं: खोट्या पैशांचा कॅसिनो, हवा भरलेल्या घसरगुंड्या, पिझ्झा, सोडत. कारण साधं आहे. इथे सोळाव्या वर्षी गाडी हातात येते, आणि ही रात्र पार्टीची, म्हणजे दारूची. मेन राज्यात अशाच दिवसांत तरुण मुलं अपघातांत गेली, तेव्हा तिथल्या ऑक्सफर्ड हिल्स भागातल्या लोकांनी १९८० मध्ये दारूशिवायची रात्र भरवली. 'प्रोजेक्ट ग्रॅज्युएशन' हे नाव पुढे देशभर गेलं. दारूचं वय देशभर २१ करायला लावणारा केंद्राचा कायदा त्यानंतरचा, १९८४चा. मुलांना गुंतवायची जबाबदारी आधी पालकांनी घेतली होती.

आमच्या शाळेत रिवाज असा, की ती रात्र अकरावीच्या पालकांनी सांभाळायची, म्हणजे बारावीच्यांना आपले आईबाप आत दिसत नाहीत. माझी लेक अकरावीत, म्हणून यंदा पाळी माझी. आधी बोटांचे ठसे देऊन पोलिसी तपासणी, क्षयाबद्दलचा फॉर्म, मग गळ्यात बिल्ला. माझी जागा दारावर. बॅगा उघडून बघायच्या, उघडलेली बाटली आत सोडायची नाही. एका मुलीच्या पर्समध्ये कॉन्टॅक्ट लेन्सच्या पाण्याची बाटली निघाली. आम्ही तिघींनी आळीपाळीने ती हुंगली आणि अदबीने परत दिली. एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत नाही, आणि मधेच जायचं असेल तर घरी फोन.

दोनच्या सुमाराला एक मुलगा आला, डोकं दुखतंय म्हणाला. मी फोन लावला. वडील वीस मिनिटांत हजर, अंगात गोदामाचं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. पाळी संपवून थेट आले होते. वहीत सही केली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "तिकिटाचे किती द्यायचे राहिलेत?" फुकट तिकिटं कुणाला द्यायची हे शाळेची समुपदेशक ठरवते आणि आमच्या यादीत सगळ्यांपुढे एकच शब्द असतो. ही व्यवस्था ज्या कुणी घातली तिला माझा नमस्कार. मी यादी त्यांच्याकडे फिरवून दाखवली. "भरलेत." त्यांनी नाव दोनदा वाचलं. मग आत नजर टाकली, पत्त्यांच्या टेबलांवर बसलेले आमचे पालक, पिझ्झाची खोकी उचलणारे बाप, आणि म्हणाले, "तुम्हाला या रात्रीचे किती देतात?"

काही देत नाहीत म्हटल्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. पोराने त्यांची बाही ओढली आणि ते गेले.

पुढच्या आठवड्यात वर्षाची शेवटची सभा झाली. खर्चाच्या पावत्या आर्थिक वर्ष संपायच्या आत, म्हणजे ३० जूनपर्यंत, द्यायच्या, आणि नव्या वर्षाला खजिनदार नव्हता. सूचक मिळाली, अनुमोदक मिळाली, विरोधात कुणी नाही. त्याच सभेत मी माझा पहिला ठराव मांडला: पुढच्या वर्षी दर महिन्याची एक सभा तरी शनिवारी घ्यावी. चर्चा चाळीस मिनिटं चालली, कारण शनिवारी सॉकर असतो. सहा मतांनी मंजूर झाला. चेकवर दोन सह्या लागतात, त्यातली एक आता माझी आहे.